पिकअप मागून उडते म्हणून हाऊसिंगला अँगल वेल्ड मारायच्या आधी हे वाचा

सध्या एक मेसेज लई फिरून राहिला, नागपूरच्या वाडी-कळमन्याकडच्या पिकअपवाल्यांत तर जवळपास प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात म्हटलंय की गाडी मागून उड्या मारते ना, मग भंगारातून दोन लोखंडी अँगल आणा, एक टोक मागच्या हाऊसिंगला (मागच्या अ‍ॅक्सलचं लोखंडी कवच), दुसरं चेसिसला पक्कं वेल्ड मारा, कंपनीचे ट्रॅक्शन बार (हाऊसिंगला उलट फिरू न देणारे दांडे) म्हणजे हेच, गाडी परत उडणार नाही आणि वरून लोडही जास्त घेईल. बार घरी बनवता येतात एवढं यातलं खरं आहे. बाकीचं वाचून मला काळजी वाटते, कारण ही गाडी रोज माल आणि माणसं घेऊन पळते.

आधी हे पाहा की गाडी नेमकी केव्हा उडते. रिकामी गाडी ब्रेकरवर मागून उसळत असेल तर तो व्हील हॉप, म्हणजे ज्यासाठी बार असतात तो त्रास, नाहीच. पाटे (लीफ स्प्रिंग) दीड-दोन टन मालासाठी बसवलेले, त्यात टायरमध्ये लोडची हवा तशीच, मग रिकामी गाडी उसळणारच आणि त्यावर ट्रॅक्शन बार काहीच करत नाही. व्हील हॉप म्हणजे गिट्टीच्या चढावर नाहीतर पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून भरलेली गाडी काढताना पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागची चाकं धडधड धडधड आपटतात ते. चाक पुढं फिरतं तेव्हा हाऊसिंग उलट फिरायला पाहते, पिनियनचं (डिफरन्शियल फिरवणारा छोटा गिअर) तोंड वर उचलतं, पाटा एस सारखा पिळतो, मग टायरची पकड सुटली की पाटा झटक्यात सरळ होतो, टायर परत पकडतो, परत पिळतो. हे चालू राहिलं की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो, अ‍ॅक्सल शाफ्ट जातो, पिनियनचे दातही जातात, म्हणून त्रास खरा आहे, त्याला कोणी हलकं घेऊ नये.

आता दोन्ही टोकं वेल्ड मारायची गोष्ट, मेसेजमधली सगळ्यात वाईट. माल भरला की पाटा चपटा होतो आणि चपटा झाला की लांब होतो, म्हणून तर मागं शॅकल (पाट्याचं टोक हलू देणारी कडी) दिलेली असते, हाऊसिंग वर जाता जाता थोडं मागंही सरकतं. एक चाक खड्ड्यात गेलं तर ते तिरपंही होतं. तुम्ही दोन्ही टोकं पक्की केली तर ही सगळी हालचाल त्या दोन वेल्डांवर येते, आणि मग कधी वेल्ड फाटतो, कधी चेसिसला क्रॅक जातो, कधी हाऊसिंगच फाटतं. उमरेड रोडला भरलेली गाडी पळत असताना हे झालं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. बार एका पाईपचा असेल तर दोन्ही टोकांना बुश (टोक थोडं फिरू देणारं नळकांडं) पाहिजे. त्रिकोणी असेल तर हाऊसिंगकडे दोन ठिकाणी पक्का आणि पुढच्या टोकाला छोटी शॅकल. पुढचा बिंदू पाट्याच्या पुढच्या बुशजवळ आणि बार पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला शक्यतो समांतर, म्हणजे दोघं सोबत हलतात.

अँगल चालेल का? हिशोब करा ना भाऊ. इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन मीटर धरा, पहिला गिअर ४ पट, डिफरन्शियल ४ पट, झाले ३२०० न्यूटन मीटर. बार पाट्याच्या २० सेंटीमीटर खाली असेल आणि सगळा जोर बारवरच आला तर दोन्ही बाजू मिळून १६०० किलो, म्हणजे एका बारवर ८०० किलोचा दाब, आणि झटक्यात क्लच सोडला तर त्याहून जास्त. हाऊसिंगच्या खालचा बार गाडी ओढताना दाबला जातो, ताणला जात नाही, आणि दाबाखाली उघडा अँगल वाकतो आणि पिळतोसुद्धा. वरून लांबी दुप्पट केली की वाकण्याविरुद्धची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून दीड-दोन इंची, ३-४ मिलिमीटर जाडीचा सीमलेस पाईप घ्या.

लोड जास्त घेईल हे तर साफ खोटं, बार वजन उचलतच नाही, वजन पाट्यांवर, टायरवर आणि चेसिसवरच राहतं. या भरवशावर कोणी जास्त संत्री भरू नका.

वेल्डिंग करताना काय सांभाळायचं याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. हाऊसिंगची नळी गरम होऊन वाकडी झाली की सील गळतं, बेअरिंग खराब होतं, म्हणून यू-बोल्टच्या (पाटा हाऊसिंगला आवळणारे बोल्ट) प्लेटवर क्लॅम्पसारखा ब्रॅकेट बनवा, वेल्ड बाहेर टेबलवरच मारा. पाट्याला वेल्ड कधीच नाही, ठिणगीसुद्धा पडू देऊ नका, त्या स्टीलचं पाणी उतरतं आणि पाटा तिथंच तुटतो. चेसिसकडच्या ब्रॅकेटला गाडीवरच वेल्ड मारणं भाग असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, आणि अर्थिंग वेल्डच्या अगदी जवळ लावा.

आणि हे सगळं करायच्या आधी गाडीखाली जाऊन पाटे, सेंटर बोल्ट, बुश, शॅकल आणि शॉकअप पाहून घ्या, हाऊसिंग आणि पाट्याच्या मध्ये उंचीसाठी ठोकळा घातला असेल तर तोही पाहा कारण त्यानं पाट्याचा पीळ वाढतोच. सैल यू-बोल्टनंही चाकं अशीच आपटतात. बार बसवायचेच ठरले तर यू-बोल्ट नवीन टाका, चेसिस स्टँडवर घेऊन हाऊसिंग पूर्ण खाली सोडून आणि वर उचलून बार कुठं अडकतो का पाहा, आणि काही दिवस लोडवर गाडी चालवली की यू-बोल्ट परत एकदा कसून घ्या.