नवऱ्याचं पाकीट

सरकारी दवाखान्यातल्या लैंगिक आजारांच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मी काही वर्षं समुपदेशक होते. 'गुप्तरोग' हा शब्द बायका तोंडातून काढायच्या नाहीत. "अंगावरून जातंय ताई," नाहीतर "कंबर लई धरती." पुरुष यायचे ते मुतारीत चिकटवलेल्या जाहिरातीवरच्या नंबरला दोन-चार हजार घालवून झाल्यावर.

तपासणीची सोय तुटपुंजी, म्हणून लक्षणांवरून उपचार ठरतो आणि त्याप्रमाणे रंगीत पाकिटं फुकट मिळतात. माझ्या वेळी राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असायचं. समोर बसून एकदाच गिळायचं, गनोरिया आणि क्लॅमिडिया या दोन्ही लैंगिक आजारांवर. तसंच पाकीट नवऱ्यालाही द्यायचं असतं, नाहीतर त्याच्याकडून बायकोला पुन्हा लागण होते; आणि गाडी अडते ती तिथंच.

"त्यांना पाठवून द्या," असं मी शेकडो वेळा सांगितलं असेल. एकीनं सरळ विचारलं, "काय म्हनून पाठवू? तुमच्यामुळं झालंय म्हनून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, तक्रार तीच. रजिस्टरमध्ये मात्र पहिल्या वेळीच 'उपचार पूर्ण' लिहिलेलं.

लक्षणांवर विसंबणं किती तोकडं आहे ते गडचिरोलीनं १९८९ मध्येच दाखवलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. कित्येकींची तर काही तक्रारच नव्हती. तक्रार नाही तिला पाकीट कोण देणार?

आणि तक्रार असली तरी बीडच्या ऊसतोडीवर जाणाऱ्या बाईनं यायचं कधी? खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग पांढरं जातंय म्हणून खासगीत गेलं की "पिशवी काढून टाका." २०१९ मध्ये हे गाजलं, चौकशी समितीही बसली. सगळं पांढरं जाणं लैंगिक संबंधातून येत नाही, हे खरंच. पण साध्या गोळ्यांनी बरं होणाऱ्या दुखण्यासाठीही गर्भाशय गेलेल्या बायका मी पाहिल्यात.

माझं मत स्पष्ट आहे. जिला घरी मारहाणीची भीती नाही, तिच्या हातात नवऱ्याचं पाकीट द्या, सोबत ॲलर्जीबद्दलची मराठी चिठ्ठी. डॉक्टर म्हणतात, न तपासता औषध दिलं तर जंतू औषधाला निर्ढावतील. गनोरियाच्या बाबतीत ती भीती खरी आहे. पण बायकोला दर तीन महिन्यांनी तीच गोळी चारून ते निर्ढावत नाहीत का? आणि ऊसतोडीला जोडपं एकत्रच जातं, 'कोयता' म्हणतात ते त्यालाच. मग संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर जाऊन दोघांना समोरासमोर गोळ्या द्यायला काय हरकत आहे? टांझानियात म्वांझाकडे १९९०च्या दशकात साध्या ग्रामीण दवाखान्यांत हे आजार नीट बरे करायला घेतले, तर एचआयव्हीची नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी घटली. नंतर युगांडात गावच्या गावाला औषधं वाटून मात्र एचआयव्ही हलला नाही. म्हणजे नुसत्या गोळ्या वाटूनही भागत नाही.

एका बाईनं नवऱ्याला "बीपी बघायला चला" म्हणून आणलं होतं. आत आल्यावर मी त्याला काय ते सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत बसला. मग गोळ्या गिळल्या, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आता आलोच हाय तर बीपी पन बघा की."