व्हर्च्युअल मशीन ही पळवाट नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

व्हर्च्युअलबॉक्समधल्या, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातल्या (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम), उबुंटू लिनक्सवर चिप डिझाइनची टूल मॅजिक (लेआउट), एक्सस्कीम (सर्किटची आकृती), एनजीस्पाइस (सिम्युलेशन) आणि स्काय१३० पीडीके (चिप बनवण्याच्या प्रक्रियेचे नियम आणि मॉडेल यांच्या फायली) कसे बसवायचे, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ती अशी: "व्हर्च्युअल मशीन ही आळशी लोकांची पळवाट आहे, ज्याला खरंच चिप डिझाइन शिकायचंय तो लिनक्स थेट मशीनवर टाकतो. तुमच्या पद्धतीत सिम्युलेशन रांगतं, चार जीबी रॅममध्ये काही होत नाही, आणि डॉकरच्या काळात सगळं सोर्समधून बांधायला लावणं हास्यास्पद आहे. माझं मॅजिक तर कन्सोलशिवायच उघडलं."

आधी एक मान्य करून टाकतो. चार जीबी रॅम अपुरी पडते. डिजिटल फ्लो, म्हणजे कोडपासून लेआउटपर्यंतची आपोआप चालणारी साखळी, चालवायचा असेल तर आठच्या खाली जाऊ नये. लेखात तशी ओळ घालतो.

आता तुमचे पहिले वाक्य. 'आळशी' कुणाला म्हणालात तुम्ही? मी बरीच वर्षे व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाइनची, प्रयोगशाळा सांभाळली आहे. तिथली यंत्रे दुसऱ्या विभागांबरोबर वाटून घेतलेली होती, त्यांच्या डिस्कचे पार्टिशन बदलायची परवानगी कुणालाच नव्हती. मुलांकडे स्वतःचा लॅपटॉप असलाच तर तो घरात एकच, त्यावरच बाकीच्यांचीही कामे. ड्युअल बूटच्या (एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) नादात बूटलोडर बदलला, सिक्युअर बूट बंद केले आणि डिस्कचे एन्क्रिप्शन रिकव्हरी की मागायला लागले, हे मी एका विद्यार्थिनीच्या बाबतीत पाहिले आहे. ती की घरात कुणाकडेच नव्हती. प्रकल्पाचा अहवाल त्याच डिस्कवर होता. त्या मुलीला आळशी म्हणायची हिंमत माझ्यात नाही. तुमच्यात असेल तर तुम्ही म्हणा.

आणि 'खरंच शिकायचंय' म्हणजे काय? कंपनीत लेआउट करणारा माणूस टूल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवत नाही. टूल असते सर्व्हरवर, त्यावर बहुतेक वेळा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, आणि माणसासमोर असते फक्त व्हीएनसीची, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारी, खिडकी. लॅपटॉपवर कोणती सिस्टीम आहे हे तिथे कुणी विचारत नाही. मॅजिक १९८०च्या दशकात बर्कलीत जॉन आउस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिले. ते शिकायचे तर मेटलमधले किमान अंतर, वेलची जोडणी, डीआरसीची (लेआउटच्या नियमांच्या तपासणीची) चूक नेमकी कुठल्या थरावर आहे, हे शिकायचे. लिनक्स थेट डिस्कवर आहे की व्हीएममध्ये, याने एनमॉस ट्रान्झिस्टरच्या गेटची लांबी बदलत नाही.

थेट मशीनवर जे मिळत नाही ते मी लेखात ठळक लिहिले होते: स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. सोर्समधून बांधलेले टूल 'मेक इन्स्टॉल'ने यूएसआर-लोकल या सामाईक फोल्डरमध्ये पसरते. चुकीच्या आवृत्तीच्या फायली तिथे राहिल्या की पुढचे टूल भलतीच लायब्ररी उचलते, आणि नवशिक्याला ते शोधता येत नाही. व्हीएम बंद करून मागच्या स्नॅपशॉटवर गेले की यंत्र बिघडण्याआधीच्या स्थितीत येते. बिघडवायची भीती गेली की मुले स्वतःहून प्रयोग करतात. मी तर मुद्दाम एकेक पॅकेज काढून त्यांना कॉन्फिगर (टूल बांधण्याआधी सिस्टीम तपासणारी स्क्रिप्ट) चालवायला लावायचो, म्हणजे कुठल्या हेडरविना काय अडते ते हाताला कळते. हे तुम्ही कधी शिकवून पाहिले असेल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. नुसता शेरा नको.

सिम्युलेशन रांगते म्हणता. इन्व्हर्टर, ऑपॅम्प, रिंग ऑसिलेटर या सरावाच्या सर्किटांत मला तरी फरक जाणवलेला नाही. व्हीएमला एकच कोअर दिला असेल तर रांगेलच, आणि बायोसमधले व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर ६४-बिट उबुंटू सुरूच होत नाही.

डॉकरबद्दल, म्हणजे टूल आधीच बांधून कंटेनर नावाच्या पेटीत देणाऱ्या सोयीबद्दल, एवढेच: विंडोजवर आणि मॅकवर लिनक्सचे कंटेनर शेवटी एका व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतात. म्हणजे ज्याला तुम्ही पळवाट म्हणता, तिच्यावरच तुमचा उपाय उभा आहे. टेपआउटला, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे पाठवायला, निघालेल्या गटाने सगळ्यांकडे एकच आवृत्ती राहावी म्हणून कंटेनर घ्यावा, माझी काहीच हरकत नाही. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता, आणि हे त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

राहिला तुमचा मॅजिकचा प्रश्न. खरे तर प्रतिक्रियेत तेवढेच लिहिले असते तर उत्तर त्याच दिवशी दिले असते. मॅजिकचा कन्सोल टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेवर चालतो. टीसीएल-डेव्ह आणि टीके-डेव्ह ही पॅकेजेस नसताना कॉन्फिगर चालवले की ते थांबत नाही, टीसीएलविनाच मॅजिक बांधून मोकळे होते. मग टीकेकॉन, म्हणजे तो कन्सोल, उघडत नाही आणि स्काय१३०ची मॅजिकआरसी ही सुरुवातीची सेटिंग फाइलही नीट वाचली जात नाही, कारण ती टीसीएलमध्ये आहे. दोन्ही पॅकेजेस टाका, मेक क्लीन करा, कॉन्फिगर पुन्हा चालवा आणि शेवटच्या सारांशात टीसीएलपुढे 'येस' आहे का ते बघा. खिडकी उघडून चित्र फाटल्यासारखे दिसले तर ओपनजीएल सोडून 'वजा डी एक्सआर' हा पर्याय द्या, म्हणजे चित्र कैरो या लायब्ररीने काढले जाते आणि ते व्यवस्थित चालते. पीडीके_रूट (पीडीके कुठे आहे ते सांगणारा पत्ता) व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरकडे वळवला असेल तर तोही व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर आणा, कारण शेअर्ड फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) बनवणे मुळात बंद असते आणि पीडीकेच्या मांडणीत सिमलिंक लागतात.

एवढे करूनही अडले तर कॉन्फिगरचा पूर्ण आउटपुट इथेच चिकटवा. बघतो.