रात्री साडेअकराची मॅटिनी

ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक, आणि मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची, म्हणजे 'मेट'ची, शनिवारची मॅटिनी नेटवरून रेडिओवर लाइव्ह ऐकतो. ती तिकडे सहसा दुपारी एकला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि आमच्या घरातल्या निम्म्या कुरबुरींचं मूळ या एका हिशोबात आहे. ठाण्यातला टू बीएचके, आई हॉलमध्ये झोपते कारण तिला एसी सोसत नाही, आणि वायफायची रेंज नेमकी हॉलमध्येच धड येते.

बायकोचा दर शनिवारचा प्रश्न ठरलेला. "अरे, हेच सगळं उद्या सकाळी चहा पिताना यूट्यूबवर लाव ना, कोण अडवतंय?" आता हिला कसं सांगणार की लाइव्हची गंमत वेगळी, तिथे गायकांना माइक नाही, जवळजवळ चार हजार माणसांच्या थिएटरात नुसत्या गळ्यावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, वरचा सूर लागेल का फाटेल ते त्या क्षणी खुद्द गाणारीलाही माहीत नसतं, आणि मधेच मॅनहॅटनमध्ये कोणीतरी खोकतं ते मला ठाण्यात ऐकू येतं. हे मी एकदा सांगून बघितलं. "म्हणजे तू खोकला ऐकायला जागतोस," म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

बरं, हे खूळ काही माझ्या एकट्याचं नाही. 1931 च्या नाताळात 'हान्सेल अँड ग्रेटेल'पासून मेटचं रेडिओ प्रक्षेपण सुरू झालं, आणि 1940 पासून 2004 पर्यंत त्याचा खर्च टेक्साको या तेल कंपनीने उचलला, म्हणजे तिकडे गाडीत पेट्रोल भरणाऱ्या लोकांनी साठेक वर्षं नकळत ऑपेरा पोसला. आपल्याकडे पेट्रोलचा भाव एवढा आहे, त्यात निदान एखादी ठुमरी तरी बसायला हवी होती.

पण रेडिओवर ऑपेरा ऐकणं हे मुळात अवघड काम आहे. दिसत काहीच नाही. निवेदक अंकाच्या आधी गोष्ट सांगतो, झगा कुठल्या रंगाचा, जिना कुठून कुठे जातो, आणि मग पाऊण तास इटालियन. बुटांचे आवाज येतात, काहीतरी आपटतं, लोक टाळ्या वाजवतात, आता हा मेला का नुसताच बसला ते आपण ठरवायचं. त्यात आवाजाचा प्रकार असा की हळू गातात तेव्हा काही ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवावा, तर पुढच्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो.

'टोस्का'च्या वेळी हेच झालं. दुसऱ्या अंकात रोमचा पोलीसप्रमुख स्कार्पिया गायिका टोस्काला कोंडीत पकडतो आणि ती टेबलावरची सुरी उचलून त्याला भोसकते. बाई किंचाळतेय, बुवा मदतीसाठी ओरडतोय, आणि इथे इंटरकॉम वाजला, वॉचमनचा. "साब, सब ठीक है ना? नीचेवाले बोल रहे हैं, आपके यहाँ लेडीज चिल्ला रही हैं." मी म्हटलं, रेडिओ आहे. "इतनी रात को रेडिओ?" त्याच्या आवाजात जो संशय होता तो स्कार्पियालाही जमला नसता. खून झालाच होता म्हणा, पण रोममध्ये, 1800 साली, आणि तोही पोलिसाचाच, त्यामुळे मी विषय वाढवला नाही. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'रात्री दहानंतर ध्वनिप्रदूषण' असा मेसेज, कोणाचंही नाव न घेता, खाली तीन हात जोडलेले.

तेव्हापासून घरात कायदा झाला: इयरफोन. इयरफोन लावला की मात्र आपलं शरीर आपल्या ताब्यात राहत नाही. 'रिगोलेटो'चा तिसरा अंक सुरू होता, मी अंधारात सोफ्यावर डोळे मिटून दोन्ही हातांनी ऑर्केस्ट्रा चालवत होतो आणि आई पाणी प्यायला उठली. "काय रे, अंगात आलंय का?"

तिला सांगावं लागलं. तर तो रिगोलेटो, कुबडा विदूषक, आपल्या मुलीला नादी लावणाऱ्या ड्यूकची सुपारी देतो, अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर, अगदी आपल्याकडच्यासारखं. मारेकरी रात्री पोतं आणून देतो. हा खुशीत पोतं नदीत टाकायला निघतो आणि तेवढ्यात लांबून ड्यूकचं गाणं ऐकू येतं, तेच मघाचं, 'ला दोन्ना ए मोबिले'! मग पोत्यात कोण? माझ्या मते हा प्रसंग रेडिओवरच ऐकावा, कारण रिगोलेटोलाही ते दिसत नाही, कानानेच कळतं. संगीतकार व्हेर्दीने 1851 साली, रेडिओचा पत्ता नसताना, हे लिहून ठेवलंय.

आईने एक इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. आणि नेमकं तिथेच नेट अडकलं. ड्यूकचा तो शेवटचा वरचा सूर लांब लांब जातोय आणि मोबाईलवर गोल गोल चकती. ती थांबेपर्यंत पोतं उघडलेलं होतं आणि आत मुलगी निघालेली होती, जिल्दा.

"ही गातेय ती कोण?"

"ती जिल्दा. तिलाच भोसकलंय."

"भोसकलंय आणि गातेय? पोत्यातून?"

"आई, आपल्या संगीत नाटकात काय वेगळं होतं? 'एकच प्याला'तल्या सिंधूचे एवढे हाल होतात, ती गातेच ना?"

"सिंधू पोत्यात नव्हती," आई म्हणाली. "आणि सिंधूचं सगळं कळत होतं. ही काय म्हणतेय?"

"बापाची माफी मागतेय."

यावर आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाप पण काही कमी नाही. सुपारी त्याने दिली, मग माफी तिने कशाला मागायची?" व्हेर्दीवर ढीगभर लिहिलं गेलंय, पण मला विचाराल तर एवढं नेमकं कोणी बोललं नसेल.

दोन वाजून गेले तेव्हा टाळ्या संपल्या. आईने इयरफोन परत केला आणि पुढच्या शनिवारी कोण मरतंय ते विचारलं. मी म्हटलं, मरणार बहुतेक बाईच, पण तुला एवढं जागायला नको, मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, मग आपल्याकडे साडेदहालाच सुरू होईल.

"साडेदहाला नको," आई म्हणाली. "साडेदहाला माझी मालिका असते."