‘सीटमुळे दुखतंय, सवय होईल’ हा सल्ला मानू नका

सायकल चालवणाऱ्या पुरुषांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगणं तेच राहतं: वृषणात दुखणं आणि थोडी सूज येणं सायकलवाल्यांना होतंच, ते सीटमुळे असतं. मऊ जेलचं सीट लावा. पॅडच्या शॉर्ट्सखाली आणखी एक अंतर्वस्त्र घाला. गरम शेक घ्या, राइडच्या आधी पेनकिलर घ्या. वृषण हाताने उचलून धरल्यावर बरं वाटलं तर काळजीचं काही नाही. फारच सुजलं तर तीन दिवस अँटिबायोटिक. डॉक्टरकडे गेलात तर ते सायकल बंद करायला लावतील, महिनाभरात सवय होईल.

लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूनेच लिहिलं असेल. त्यात थोडं तथ्यही आहे आणि त्यामुळेच तो पटकन पटतो. पण यातला एक सल्ला असा आहे की तो पाळल्याने एखाद्याचं वृषण कायमचं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

‘सायकलवाल्यांना होतंच, सीटमुळे असतं.’

सीट नेमकं कशावर दाबतं ते आधी पाहू. नीट बसलं असेल तर शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. नीट बसलेलं नसेल तर तो मधल्या मऊ भागावर, म्हणजे वृषणकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या पेरिनियमवर येतो. तिथून पुडेंडल नावाची नस आणि लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. ती नस दबली की लिंगाला, पेरिनियमला आणि वृषणकोषाच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो, मुंग्या येतात, कधी जळजळ होते. उतरून थोडं चाललं की बहुतेक वेळा हे ओसरतं. सीटचं दुखणं बहुतांशी असं असतं.

वृषणाच्या आतलं दुखणं वेगळं. वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि जन्माच्या सुमारास खाली कोषात उतरतं, उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि नसा वरून सोबत घेऊन येतं. त्यामुळे त्याची संवेदना पाठीच्या कण्यात बरीच वर पोचते. मुतखडा मूत्रनलिकेत अडकला की वृषणात कळ येते ती यामुळेच, आणि वृषणाला इजा झाली की पोटात गोळा येऊन मळमळतं तेही यामुळेच. म्हणजे वृषणात दुखतंय याची कारणं हर्निया, मुतखडा, जांघेतल्या किंवा पाठीतल्या दबलेल्या नसा, एपिडिडायमिसची (वृषणाच्या मागच्या वेटोळ्या नळीची) सूज, वृषणाला बसलेला पीळ, गाठ, यांपैकी काहीही असू शकतात. सीटही त्या यादीत आहे, पण बाकीची कारणं तपासून बाजूला काढल्यावरच त्याचं नाव घ्यायचं. वरचा मजकूर नेमका उलटा चालतो.

‘उचलून धरल्यावर बरं वाटलं तर काळजीचं काही नाही.’

मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे आहे.

वृषण ज्या दोरीवर लटकलेलं असतं तिच्यातून त्याचा रक्तपुरवठा येतो. काही पुरुषांमध्ये वृषण कोषात नीट बांधलेलं नसतं, त्यामुळे ते स्वतःभोवती फिरू शकतं. दोरीला पीळ बसला की रक्त तुटतं. याला टॉर्शन म्हणतात. साधारण १२ ते १८ या वयात ते सगळ्यात जास्त दिसतं, पण त्यापुढच्या कोणत्याही वयात होऊ शकतं. झोपेतही होतं, व्यायामानंतरही होतं, मार लागल्यावरही होतं. सायकलवरून उतरल्यावर झालं तर माणूस साहजिकच सीटला दोष देतो आणि घरी पडून राहतो.

पहिल्या ६ तासांत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर दहातली नऊ वृषणं वाचतात. १२ तासांनंतर शक्यता झपाट्याने घसरते. २४ तास उलटले की बहुतेक वेळा ते काढावंच लागतं. हे तास दुखणं सुरू झाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही.

उचलून धरण्याची चाचणी कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. एपिडिडायमिसला सूज असेल तर उचलल्यावर आराम पडतो आणि पीळ असेल तर पडत नाही, असं जुन्या वैद्यकीय शिक्षणात शिकवलं जायचं. पण पीळ असूनही काहींना आराम पडतो, म्हणून या चाचणीवर विसंबून पीळ नाही असं ठरवता येत नाही. घरी बसून तर अजिबातच नाही. अचानक एका बाजूला जोराची कळ, मळमळ किंवा उलटी, एक वृषण नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखं किंवा आडवं झालेलं, यातलं काहीही असेल तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. जाताना काही खायचं-प्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. कळ येऊन आपोआप गेली असेल तरीही दाखवायचं. पीळ बसून सुटलेला असू शकतो आणि तो पुन्हा बसतो.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं आता लांबच्या राइडला येतात. या जागेचं दुखणं सांगायला ती लाजतात. त्यांच्या हातात हा मजकूर पडतो तेव्हा मला खरंच भीती वाटते.

‘फारच सुजलं तर तीन दिवस अँटिबायोटिक.’

वृषणाच्या मागच्या बाजूला बोटांनी हळूच चाचपलं तर वरून खाली जाणारी एक मऊ, किंचित गाठाळ वळी लागते. ती एपिडिडायमिस. आत काही मीटर लांबीची नळी वेटोळं करून बसलेली असते आणि शुक्राणू तिथे परिपक्व होतात. ती सुजली की दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, ती बाजू गरम आणि जड लागते, कधी ताप येतो, लघवीला जळजळ होते.

तरुण वयात हा संसर्ग बऱ्याचदा लैंगिक संबंधांतून आलेला असतो, क्लॅमिडिया किंवा गोनोरिया. तसं असेल तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार लागतात. वय वाढलं की मूत्रमार्गातले जंतू, विशेषतः ई. कोलाय, जास्त सापडतात. क्षयरोगही इथे ठाण मांडू शकतो. प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून आधी लघवीची तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. नेहमीच्या जंतुसंसर्गाचा कोर्स साधारण १० दिवस ते २ आठवडे चालतो. दुकानातून आणलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी दुखणं दबतं, संसर्ग तसाच राहतो आणि पुढे गळू होण्यापर्यंत जातो. मुळात जंतूच नसतील, नुसत्या घर्षणाने किंवा माराने सूज आली असेल, तर अँटिबायोटिकचा काही उपयोगच नाही.

योग्य उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणं कमी व्हायला लागतं. सूज आणि कडकपणा जायला मात्र काही आठवडे लागतात. तीन दिवसांत अजिबात फरक पडला नाही तर पुन्हा दाखवायचं. या काळात गादीवर आडवं पडून, टॉवेलची गुंडाळी करून वृषणकोषाखाली ठेवायची आणि घट्ट अंतर्वस्त्राने आधार द्यायचा. ताज्या सुजेवर गरम शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १०-१५ मिनिटं, मध्ये विश्रांती देऊन.

‘थोडी सूज नॉर्मल असते.’

याला उत्तर दोन व्यावसायिक सायकलपटूंच्या आयुष्यातून मिळतं. पहिला अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग. उत्तेजकं घेतल्याचं त्याचं प्रकरण इथे बाजूला ठेवतो. १९९६ साली त्याचं एक वृषण सुजलेलं होतं, दुखत होतं. सायकलवर इतका वेळ बसतो म्हणून असेल, असं धरून तो चालवत राहिला. खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर तपासणी झाली. २ ऑक्टोबरला वृषणाच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि रोग फुप्फुसात आणि मेंदूत पोचला होता.

दुसरा इव्हान बास्सो. २०१५ च्या टूर द फ्रान्समध्ये पाचव्या टप्प्यात तो पडला आणि नंतर वृषणात दुखू लागलं. पडल्यामुळे दुखतंय असं म्हणायला त्याच्याजवळ पुरेसं कारण होतं. तरीही त्याने तपासणी करून घेतली आणि डाव्या वृषणात अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग सापडला. त्याने शर्यत सोडली, शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला.

सायकलमुळे वृषणाचा कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. तो तरुण पुरुषांचा आजार आहे आणि सायकल चालवणाऱ्यांतही तरुण पुरुष भरपूर, म्हणून दोन्ही एकाच माणसात भेटतात. ही गाठ बहुधा दुखतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर दोन्ही वृषणं बोटांत फिरवून पाहायची. वृषणाच्या अंगालाच कडक गाठ लागली, एक बाजू जड झाली, तर सोनोग्राफी. लवकर सापडलेला हा कर्करोग जवळजवळ नेहमी बरा होतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रियातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज तासन्‌तास डोंगराळ वाटांवर सायकल चालवणाऱ्या ८५ पुरुषांची सोनोग्राफी केली गेली. त्यातल्या ९४ टक्के जणांत वृषणकोषात काही ना काही सापडलं: छोटे खडे, एपिडिडायमिसच्या पाणगाठी, पाणी साठणं. यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी. म्हणजे सतत बसणारे धक्के जाणवतात, खुणाही सोडतात. पण हाताला लागलेली गाठ त्या निरुपद्रवी गटातली आहे की नाही, हे बोटांना कळत नाही.

‘मऊ जेलचं सीट लावा.’

बऱ्याच जणांचं दुखणं इथेच वाढतं. मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं खाली रुततात आणि मधला जेल वर उचलून पेरिनियममध्ये घुसतो. पहिल्या दहा मिनिटांत छान वाटतं, तासाभराने बधिरपणा. पाहिजे ते पुरेसं कडक, बैठकीच्या हाडांएवढं रुंद आणि मध्ये खाच किंवा फट असलेलं सीट.

रुंदी घरी मोजता येते. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा टणक स्टुलावर ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यात बसायचं, थोडं पुढे वाकून पाय किंचित उचलायचे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. दोन्हींच्या मध्यबिंदूंतलं अंतर मोजून सीट त्याहून थोडं रुंद घ्यायचं. मग तिरकेपणा. सपाट जमिनीवर सायकल उभी करून सीटच्या लांबीवर पट्टी ठेवायची आणि ती आडवी सरळ आहे का ते पाहायचं. सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, वर असेल तर आधी तेच सुधारायचं. सीट सरळ ठेवून सुरुवात करायची, लागलं तर नाक एक-दोन अंश खाली. जास्त खाली केलं तर शरीर पुढे घसरतं आणि भार हातांवर जातो. उंचीही पाहायची: मागून कुणाला तरी बघायला सांगा, पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे आणि प्रत्येक फेरीत जांघ नाकावर घासते आहे.

अमेरिकेतल्या निओश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाची सीटं वापरायला दिली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पेरिनियमवरचा दाब आणि बधिरपणा दोन्ही स्पष्ट कमी झालेले दिसले. चालवताना सुरुवातीला विचित्र वाटतं, तोल साधायला वेळ लागतो. पण बधिरपणा जातच नसेल तर हा पर्याय खरोखर करून पाहावा. शिवाय दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहा, खड्डा दिसला की सीटवरून उठा, हँडलबार सीटच्या खूप खाली ठेवू नका.

‘आत आणखी एक अंतर्वस्त्र.’

नको. पॅडच्या शॉर्ट्स थेट अंगावरच घालायच्या असतात. आतल्या कापडाची शिवण नेमकी जांघेत घासते आणि घाम धरून ठेवते.

‘राइडच्या आधी पेनकिलर.’

दुखणं म्हणजे थांबायची सूचना असते, ती गोळीने बंद करून त्याच जागेवर तासन्‌तास बसू नये. शिवाय आयबुप्रोफेनसारखी औषधं आणि घामाने कमी झालेलं शरीरातलं पाणी हे दोन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो.

‘महिनाभरात सवय होईल.’

बैठकीच्या हाडांवरच्या त्वचेला आणि स्नायूंना सवय होते, तेवढं खरं. नवशिक्याचं ढुंगण पहिले काही आठवडे दुखतं आणि मग थांबतं. नसेला दबण्याची सवय होत नाही. वृषणाच्या सुजेलाही नाही.

‘डॉक्टर सायकल बंद करायला लावतील.’

काही डॉक्टर तसं सरसकट सांगतात, हे मान्य. मग त्यांना नेमकं विचारायचं: किती आठवडे, कशासाठी, आणि परत सुरू करायची खूण कोणती? जाण्याआधी लिहून न्या: कुठली बाजू, दुखणं अचानक आलं की हळूहळू, सीटवर बसल्यावर वाढतं की उतरल्यावर, लघवीला त्रास आहे का, नुकतंच पडलात का. सायकलमुळे नपुंसकत्व येतं म्हणून कुणी घाबरवलं तर हेही माहीत असू द्या: २०१८ साली सायकलपटू, पोहणारे आणि धावणारे अशा काही हजार पुरुषांची तुलना झाली. सायकलवाल्यांत बधिरपणा जास्त आढळला, पण लैंगिक क्षमता इतरांइतकीच होती.

सूज उतरली, चालताना आणि जिना उतरताना दुखत नाही, चाचपल्यावर दुखरेपणा राहिला नाही, एवढं झालं की सपाट रस्त्यावर छोट्या राइडने सुरुवात करायची, टायरची हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाचपून पाहायचं. दुखरेपणा परत आला असेल तर आणखी एक आठवडा थांबायचं, आणि त्यानंतरही तो येतच राहिला तर सोनोग्राफी पुन्हा करून घ्यायची.