काचूफूल, विझार्ड आणि बडोद्यातले दोन वाद

बडोद्यातल्या मराठी घरांत सध्या दोन वाद चालू आहेत. पहिला पत्त्यांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हापासून ‘पत्ते म्हणजे जुगारच, घरात कॅटच नको’ म्हणणाऱ्यांना जोर आलाय. दुसरा वाद नव्या खेळांचा. मुलांच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून कॅटन, तिकिट टू राइड अशा पटावरच्या परदेशी खेळांचे डबे काही हजार रुपये मोजून आणायचे, की आपला कॅरम, सोंगट्या आणि मेंढीकोट यांच्यावरच भागवायचं? आणि कोणीतरी हमखास म्हणतं, ‘जर्मनीत बघा, घरच्या घरी सगळे बसून खेळतात.’

जर्मनीत राहून हे ऐकताना वाटतं, दोन्हीकडची भांडणं वस्तूवरून चाललीयत. कॅट ठेवावा की नाही, डबा आणावा की नाही. बडोद्याकडे खेळ भरपूर आहेत. इकडून घेण्यासारखी आहे ती खेळायची शिस्त, आणि तिला फारसे पैसे लागत नाहीत.

आधी इथलं खरं चित्र. १९७९ पासून खेळांचे समीक्षक दरवर्षी कुटुंबाने खेळायचा एक खेळ निवडतात. ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ. त्या डब्यावर लाल सोंगटीची खूण येते आणि दिवाळीला आपण कपडे घ्यावेत तसा नाताळला लोक तो डबा घेतात. दर ऑक्टोबरात एसेन शहरात खेळांचं मोठं प्रदर्शन भरतं. हे सगळं खरं. पण इथल्या घराघरात सापडणारा खेळ कुठला, तर १९१४ मध्ये बाजारात आलेला ‘मेन्श एर्गेरे दिश निष्ट’. तो आपल्या पचिशीचाच नातू. थोरल्यांचा आवडता स्काट हा ३२ पत्त्यांचा, हुकूम आणि हात यांचा खेळ, आणि तो गुत्त्यात बारीकसारीक पैसे लावूनही खेळला जातो. मोबाईलला चिकटलेली मुलं इथेही आहेत आणि त्यावरून रागावणारे आईबापही. मग ‘जर्मन माणूस खेळकर’ वगैरे म्हणण्यापेक्षा एकच खेळ दोन्हीकडे कसा खेळतात ते पाहू. असा एक खेळ आहे.

बडोद्यात तो काचूफूल. काळी, चोकट, फुल्ली, लाल, म्हणजे आपले इस्पिक, चौकट, किलवर, बदाम. याच क्रमाने दर डावाला हुकूम बदलतो. महाराष्ट्रात याला जजमेंट म्हणतात. पत्ते बघून आपले किती हात होतील ते आधी बोलायचं आणि नेमके तेवढेच करायचे. १९८४ मध्ये कॅनडात याच जातीचा विझार्ड निघाला आणि जर्मन घरांत तो मुरला. त्यात नेहमीचे ५२ पत्ते, वर चार जादूगार, जे हुकमालाही मारतात, आणि चार विदूषक, जे कशालाच मारत नाहीत. एकूण ६०. चौघे असतील तर १५ डाव, पाच जण असतील तर १२.

खरा फरक गुणांत आहे. काचूफुलात बोललेले हात जमले तर दहा अधिक बोली, चुकले तर शून्य. आजी तीन बोलल्या आणि चौथा हात गळ्यात पडला की त्यांचा डाव तिथेच संपतो. चार झाले काय आणि सात झाले काय, शून्य ते शून्यच. मग त्या हाती येईल ते पान टाकतात, किंवा मुद्दाम दुसऱ्याचा डाव मोडतात. दहा वर्षांच्या मुलाला नेमका तेव्हाच कंटाळा येतो आणि हात मोबाईलकडे जातो. विझार्डमध्ये बोली जमली तर २० आणि शिवाय प्रत्येक हाताचे १०. चुकली तर जितक्या हातांचा फरक तितके दहा-दहा वजा. तीन बोलून चार झाले तर वजा १०, सात झाले तर वजा ४०. त्यामुळे शेवटच्या पानापर्यंत सगळे जागे राहतात.

पण वाटणाऱ्यावरची अट काचूफुलाचीच चांगली. शेवटी बोलणाऱ्याने अशी बोली करायची की सगळ्यांच्या बोल्यांची बेरीज हातांच्या संख्येइतकी होणार नाही. म्हणजे कोणाचं तरी चुकणारच. विझार्डच्या मूळ नियमांत ही अट नाही, आणि म्हणून सावध खेळणाऱ्या घरात तो गुळमुळीत होतो. गुण विझार्डचे आणि अट काचूफुलाची, ही सांगड दोन्ही मूळ खेळांपेक्षा सरस आहे, हे ठामपणे सांगता येतं.

यासाठी डबा मागवायची गरज नाही. पाठ एकसारखी असलेले दोन कॅट घ्या. एकातले ५२ पत्ते ठेवा. दोन्हींतले मिळून चार जोकर हे जादूगार. दुसऱ्या कॅटमधल्या चार दुऱ्यांवर पेनाने फुली मारली की विदूषक तयार. पाठ सारखीच हवी, नाहीतर जादूगार कोणाकडे आहे ते समोरून दिसतं. पाच जणांत बारा डाव लांबतात. दोन पत्त्यांपासून सुरुवात करून दोन, चार, सहा, आठ असे चारच डाव खेळा. अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं आणि ‘अजून एक’ म्हणायला जागा राहते.

इथली दुसरी घेण्यासारखी सवय म्हणजे नियम एकाच माणसाने आदल्या दिवशी वाचून ठेवायचे. आपल्याकडे डबा उघडून पाच जण एकाच वेळी पुस्तिका ओढतात. सांगतानाही क्रम असतो. जिंकायचं कसं ते पहिल्या वाक्यात. मग आपली पाळी आल्यावर काय करायचं. मग खेळ संपतो कधी. अपवाद येतील तेव्हा सांगायचे. दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, आणि पहिला डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून, गुण न लिहिता खेळायचा. मोठ्यांनी मुद्दाम हरायचंही नाही. आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं आणि अपमान वाटतो. हरण्याने फार रडू येत असेल तर खेळच वेगळा निवडावा. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी १९८६ पासून इथे ‘ओब्स्टगार्टन’ आहे. सफरचंद, पेर, चेरी, आलुबुखार अशी चार प्रकारची प्रत्येकी दहा फळं. फाशावर कावळा आला की त्याच्या चित्राचा एक तुकडा लावायचा. नऊ तुकडे पुरे व्हायच्या आत सगळी फळं तोडली तर सगळे जिंकले, नाहीतर कावळा जिंकला.

मोठ्यांच्या एकजुटीच्या खेळांत मात्र वेगळंच दुखणं आहे. सगळं उघड्यावर असलं की एक काका सगळ्यांच्या वतीने खेळतात आणि बाकीचे त्यांनी सांगितलेली सोंगटी सरकवतात. यावर उतारा म्हणजे पत्ते लपलेले असतील असा खेळ. ‘द क्रू’मध्ये ४० पत्ते आणि ५० मोहिमा आहेत. कोणी कुठलं पान जिंकायचं ते मोहीम ठरवते, आणि बोलायला बंदी. प्रत्येकाने मोहिमेत एकदाच एक पान दाखवून इतकंच सांगायचं, की हे माझ्याकडचं त्या रंगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान किंवा एकुलतं एक आहे. मेंढीकोटात डोळ्यांनी चोरून खुणा करणाऱ्या पिढीला हा खेळ पहिल्या उतारीपासून कळतो. चोरून करायचं ते इथे नियमात बसवलंय.

कॅटनबद्दल थोडं सावध राहावं. तो १९९५ चा खेळ, उत्तमच. पण जमीन मांडतानाच डाव निम्मा ठरतो, हे नवख्याला कोणी सांगत नाही. जमिनीच्या तुकड्यांवर आकडे असतात, आणि फाशांची बेरीज तो आकडा आली की त्याला लागून असलेल्या घराला माल मिळतो. दोन फाशांच्या ३६ जोड्यांत ७ सहा वेळा येतो, ६ आणि ८ पाच-पाच वेळा, २ आणि १२ एकेकदाच. ज्याने पहिलं घर २ आणि १२ च्या मध्ये बांधलं, तो तासभर नुसता बघत बसतो. म्हणून पहिल्या खेळात पुस्तिकेत छापलेली ठरावीक मांडणीच वापरावी. शिवाय ७ पडला की सातपेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याचे निम्मे जातात, हे आधीच सांगून टाकावं. पहिल्यांदाच हे ऐकून आजी उठून गेल्या की परत बसत नाहीत.

सहा-सात माणसं, त्यात आठ वर्षांचं एक आणि ऐंशी वर्षांचं एक असेल, तर १९९४ चा ‘झेक्स निम्ट’ घ्यावा. यात १ ते १०४ आकड्यांचे पत्ते, प्रत्येकाला दहा, मध्ये एकेका पत्त्याने सुरू झालेल्या चार रांगा. सगळ्यांनी एक पान पालथं ठेवायचं, एकदम उलटायचं, लहान आकड्यापासून लावत जायचं. पान त्या रांगेत जातं जिचं शेवटचं पान त्याहून लहान पण सगळ्यात जवळचं असतं. रांगेत सहावं पान ज्याचं पडेल त्याने आधीची पाच उचलायची, तो दंड. सगळे एकाच वेळी खेळतात, त्यामुळे पाळीची वाट पाहण्यात कोणी मोबाईल काढत नाही. अक्षरं मुळीच नाहीत, त्यामुळे शिक्षण गुजराती माध्यमात की इंग्रजी, हा प्रश्नच येत नाही.

अक्षरांचा खेळ हवा तर ‘कोडनेम्स’ घरी बनवावा. जाड लग्नपत्रिका कापून शंभर चिठ्ठ्या करा, एका वेळी २५ मांडा, पाच बाय पाच. पहिल्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, ७ कोणाचेच नाहीत आणि एक घातकी. तो उचलला की गट हरला. कुठला शब्द कोणाचा याचा नकाशा दोन्ही म्होरक्यांपुढे असतो. असे दहा नकाशे चौकटीच्या कागदावर रंगवले आणि फिरवून वापरले की चाळीस होतात. म्होरक्याने खुणेचा एक शब्द आणि ती खूण किती चिठ्ठ्यांना लागू आहे तो आकडा बोलायचा, बस. त्यावरून गटाने आपले शब्द ओळखायचे.

शब्द निवडताना दुहेरी अर्थाचे घ्या. पान, डाव, हार, कर, कळ, तार, खार. ‘जेवण, तीन’ असं कोणी म्हटलं तर जेवणाचं पान, आमटी वाढायचा डाव आणि लोणच्याचा खार. बडोद्याच्या नातवाला डाव म्हणजे फक्त खेळातला, आणि झाडावरच्या खारीला तो खिसकोली म्हणतो. आजीला तीनही ठाऊक. दोघं एकाच गटात असले की जी चर्चा होते ती कुठल्याही मराठी वर्गापेक्षा मोलाची. परदेशातल्या घरांना तर ती दुप्पट लागते.

बडोद्याच्या हवेच्या अडचणी जर्मन पुस्तिकेत नसतात. पंखा पाचवर असताना पत्ते उडतात. तो दोनवर आणा आणि खाली जाड सतरंजी घाला. गुळगुळीत फरशीवरून पत्ता नखाने उचलता येत नाही, सतरंजीवरून येतो. पावसाळ्यात कागदी पत्ते फुगून चिकटतात आणि पिसले जात नाहीत. त्यावर पावडर टाकू नये, पांढरे डाग राहतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत. प्लास्टिकची कव्हरं घेताना आधी पत्ता मोजा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कव्हर कॅटनच्या लहान पत्त्याला ढगळ होतं. आणि सेव उसळ खेळाआधी संपवायची. तर्रीचा एक थेंब पत्त्याच्या पाठीवर पडला की ते पान आयुष्यभर ओळखू येतं.

आता जुगाराचा मुद्दा. २०२५ चा कायदा ऑनलाइन आणि पैसे लावून खेळण्यासाठी आहे, सतरंजीवरच्या काचूफुलाला तो लागू नाही. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. पण ज्येष्ठांची भीती खोटी नाही. श्रावणात सातम-आठमला पत्ते बसतात, रक्कम वाढत जाते, हे त्यांनी पाहिलंय. म्हणून घरात रुपयासुद्धा लावू नये, चणे-शेंगदाणेही नकोत. वही-पेन्सिल पुरते. पैसा आला की मूल हात मोजायचं सोडून नाणी मोजतं. या एका बाबतीत इथल्या गुत्त्यातल्या स्काटची नक्कल नकोच.

राहिला खर्च. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांच्या ग्रंथालयांत पुस्तकांसारखेच खेळ घरी नेता येतात. प्रत्येक घराने डबा विकत घ्यावा लागत नाही, आणि न आवडलेला परत करता येतो. बडोद्यात हे व्हायला हवं, असं मनापासून वाटतं. १९१० मध्ये सयाजीरावांनी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं, ते याच गावातून. मग एखाद्या वाचनालयाने किंवा मराठी मंडळाने एक कपाट खेळांना दिलं तर ते नवं काही नाही. वीस डब्यांपासून सुरुवात होऊ शकते, त्यात निम्मे छोटे, फक्त पत्त्यांचे असावेत.

हरवलेले तुकडे ही त्यातली मोठी डोकेदुखी. झाकणाच्या आत भागांची यादी चिकटवावी. पत्ते, लाकडी सोंगट्या, फासे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून प्रत्येक पिशवीचं वजन स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर करून तिच्यावर लिहावं. एक पत्ता साधारण दोन ग्रॅमचा, म्हणजे कमी असला तर लगेच कळतं. फक्त पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि वजन काही ग्रॅम वाढतं. तेव्हा जुलै ते सप्टेंबर पत्ते मोजून घ्यावेत, काट्यावर सोंगट्या आणि फासे तेवढे ठेवावेत.