‘हातमागाची पैठणी आणि यंत्रमागाची पैठणी एकच’ : एका संदेशाचा प्रतिवाद

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सॲपवर पैठणीबद्दलचा एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : हातमागाच्या आणि यंत्रमागाच्या पैठणीत काहीच फरक नसतो, रेशीम तेच आणि नक्षीही तीच, फरक फक्त किमतीत, आणि तो सगळा दुकानदाराच्या खिशात जातो, खरे-खोटे पाहायचे तर एक धागा जाळावा किंवा साडी अंगठीतून ओढून पाहावी, मागच्या बाजूला धागे सुटलेले असले तर कुठलीही साडी मशीनची समजावी, आणि अस्सल पैठणी फक्त पैठणला मिळते, येवल्याची ती नक्कल. असा मजकूर वाचून घरोघरी खरेदी ठरते, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

‘नक्षी तीच’ हे पहिले विधान सर्वांत मोठी दिशाभूल करते. कागदावर दोन्ही मोर सारखेच दिसतात, पण कापडात ते दोन वेगळ्या रीतींनी उतरतात. येवल्यात मागाशेजारी बसून पदर विणताना पाहिला, तेव्हा ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने कळली. विणकरापुढे ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, रंगीत रेशीम गुंडाळलेल्या लहान लहान तिल्ल्या ओळीने लोंबत असतात. हिरव्या रंगाची तिल्ली मोराच्या पिसाऱ्यापुरतीच जाते, पिसाऱ्याच्या कडेला शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकते आणि तिथूनच मागे वळते. मग जर आपल्या हद्दीपुरती जाते, मग लाल, मग पुन्हा जर. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की फणी ठोकायची आणि ताण्याचे धागे मोजत पुढची ओळ धरायची. पैठणीच्या पदरात जमीन जरीची असते आणि नक्षी रेशमाची, म्हणजे तिथे नक्षी कापडावर चढवलेली नसते, नक्षी हेच कापड असते. दाट नक्षीचा पदर दिवसभरात इंच-दोन इंच पुढे सरकला तरी काम चांगले झाले असे मानतात. काठाचेही तसेच आहे : आडवा धागा नेणारे धोटे तीन, दोन काठांचे दोन आणि अंगाचा तिसरा, आणि प्रत्येक ओळीला काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात गुंतवून परत फिरवायचा.

बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणाऱ्या यंत्रमागाच्या साडीत नक्षीचा जादा धागा जकार्डच्या (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेच्या) साहाय्याने पूर्ण पन्ह्यातून धावतो, नक्षी नसेल तिथे मागच्या बाजूला मोकळा लोंबतो आणि नंतर कापला जातो. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मोर जवळजवळ तसाच दिसतो, सेमीचा पदर उलटला तर कापलेल्या धाग्यांची लव हाताला लागते. इतका ढळढळीत फरक असताना ‘काहीच फरक नसतो’ असे लिहिणाऱ्याने पदर एकदाही उलटून पाहिला नसावा.

याच कसोटीचा संदेशात मात्र विपर्यास झाला आहे. मागचे धागे पाहून पैठणीचा पदर ओळखता येतो. त्यावरून ‘कुठलीही साडी’ मशीनची ठरवता येत नाही. बनारसी साडीच्या एका प्रकारात हातमागावरच मागे धागे सुटतात आणि ते कापले जातात. पैठण ज्या जिल्ह्यात आहे त्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या हिमरू या नक्षीदार कापडातही जादा बाण्याचे धागे मागे सुटतात, आणि हिमरूची परंपरा हातमागाचीच आहे. पैठणीची कसोटी हिमरूला लावून एखाद्या विणकराचे अस्सल काम नाकारले जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धागा जाळण्याची परीक्षा खरी आहे, पण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. यावरून धागा रेशमाचा आहे की नाही एवढेच समजते. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही चढते, आणि तिथे ते अगदी तसेच जळते. म्हणूनच सरकारी खुणाही दोन आहेत : २००४ सालापासूनचा सिल्क मार्क रेशमाची शुद्धता सांगतो, २००६ सालापासूनचा हँडलूम मार्क हातमागाची खात्री देतो. पहिली खूण दाखवून दुसरीचा भास निर्माण करणारा विक्रेता भेटला तर त्याला थेट विचारावे. अंगठीची परीक्षा तर सोडूनच द्यावी. झुळझुळीत कृत्रिम धाग्याची साडी अंगठीतून सहज जाते आणि भरजरी पदर अडतो.

येवल्याच्या पैठणीला नक्कल म्हणणे मला सर्वांत जास्त खटकते. नाव पैठणचे, प्राचीन प्रतिष्ठानचे, यात वाद नाही. पण आज पैठणीचे सर्वांत मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातले येवला आहे, आणि २०१० साली मिळालेले भौगोलिक मानांकन दोन्ही गावांच्या विणकरांचे आहे. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून आणि जर सुरतेहून दोन्हीकडे येते. फरक करायचाच तर तो हातमाग आणि यंत्रमाग यांत करावा, गावागावांत नव्हे.

राहिला किमतीचा मुद्दा. मधल्या हातांचा वाटा मोठा असतो, ही तक्रार रास्त आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची मासिक कमाई ५,००० रुपयांच्या आत आढळली होती. परंतु त्यावरून हातमागाची किंमतच खोटी ठरत नाही. ज्या पदराला आठवडे लागतात, त्यात त्या आठवड्यांची मजुरी असणारच. यंत्रमागाच्या स्पर्धेपासून संरक्षण मिळावे म्हणून १९८५ च्या कायद्याने काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. सेमी पैठणी ‘सेमी’ म्हणूनच विकली आणि घेतली तर कोणाचीच हरकत नाही. मात्र संदेश वाचून ग्राहक हातमागाच्या पैठणीला सेमीचा भाव मागतो, तेव्हा दुकानदार आपला नफा सोडत नाही. तो विणकराला पुढच्या साडीची मजुरी कमी करून सांगतो.