‘बटण दाबायचे साडेचारशे रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या घरच्या वाय-फाय राउटरच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. गुरुवारी येतो म्हणून आम्ही शुक्रवारी संध्याकाळी आलो आणि मधे साधा फोनही केला नाही, ही चूक आमचीच. मनापासून माफी मागतो. गुरुवारी तुमच्याकडे धायरीत सकाळपासून लाइट नव्हते, म्हणून दुकानातल्या मुलाला पाठवलं नाही. पण तुम्ही वाट बघत बसलात, तुम्हाला कळवायला हवं होतं.

बाकीचं मात्र मला बोलावंच लागेल. तुम्ही लिहिलंय, ‘पोरगा आला, पाच मिनिटांत पिन खुपसली, बटण दाबलं आणि साडेचारशे रुपये घेऊन गेला.’ काका, हे वाचून मला जेवण गेलं नाही.

पिन आमच्या मुलाने खुपसलीच नाही. तो येण्याआधीच ती खुपसून झाली होती, आणि सगळं काम वाढलं ते त्यामुळेच.

बुधवारी तुमचा पहिला फोन आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते माझ्या वहीत आहे: ‘रात्री राउटर आपोआप अपडेट झाला, मोबाइल चालतात, टीव्ही आणि प्रिंटर जोडत नाहीत.’ हे दुखणं आमच्या ओळखीचं आहे. नव्या फर्मवेअरने, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरने, टू पॉइंट फोर आणि फाइव्ह गिगाहर्ट्झ या दोन वाय-फाय बँडची वेगळी नावं एक करून टाकली आणि वाय-फायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए टूवरून नव्या डब्ल्यूपीए थ्रीवर नेली. नवे मोबाइल ते निमूट स्वीकारतात. तुमचा प्रिंटर जुना, त्याला फक्त टू पॉइंट फोर आणि डब्ल्यूपीए टू कळतं. टीव्हीचंही तेच. नावं वेगळी करायची, सिक्युरिटी एक पायरी खाली आणायची, की झालं. पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी राउटर रिसेट करायची काहीच गरज नव्हती.

गुरुवारी रात्री लाइट आल्यावर तुमच्या जावईबापूंनी व्हिडिओ कॉलवरून रिसेट करायला सांगितलं, हे तुम्हीच आमच्या मुलाला सांगितलंत. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या छोट्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबली की राउटर दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. तुमचं कनेक्शन पीपीपीओईवर चालतं, म्हणजे राउटरमध्ये केबलवाल्याने दिलेला आयडी आणि पासवर्ड भरलेला असावा लागतो. तो पुसला गेला आणि मग मोबाइलसुद्धा बंद पडले.

आता पाच मिनिटांचं. मुलगा ६ वाजून १० मिनिटांनी तुमच्या दारात होता. ६.१४ ला त्याने मला फोटो पाठवला: बाहेरची लाइन येते त्या फायबरच्या डब्यावर पॉनचा, म्हणजे लाइन जोडल्याचा दिवा स्थिर हिरवा, लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा बंद. म्हणजे लाइन धडधाकट, घोटाळा राउटरमध्येच. त्यानंतर आयडी-पासवर्ड शोधणं. तुमच्याकडे कुठे लिहिलेला नव्हता. केबलवाल्याचा फोन चौथ्यांदा लागला तेव्हा ६.४५ झाले होते. त्यांनी नवा पासवर्ड दिला, तरी लाइन लॉगिन होईना, कारण जुनं सेशन, म्हणजे आधीचं लॉगिन, त्यांच्या बाजूला अडकलं होतं. ते सोडवून घेईपर्यंत ७.१०. मग दोन्ही नावं वेगळी केली, प्रिंटर जोडून काकूंच्या लाइट बिलाची प्रिंट काढून दाखवली, टीव्ही जोडला. राउटरला जाणाऱ्या वायरचा जॅक सैल होता, तो कापून नवा दाबून बसवला. त्याचे पैसे लावलेले नाहीत, पावती बघा. मुलगा निघाला तेव्हा आठला पाच कमी होते. मधे काकूंनी त्याला चहा दिला, तो आल्या आल्या मला सांगत होता. पाच मिनिटांसाठी आलेल्याला कोणी चहा विचारत नाही, काका.

साडेचारशेचा हिशोब बुधवारीच मेसेज केला होता. अडीचशे व्हिजिट, दोनशे सेटिंग. तुमचं ‘ठीक आहे’ असं उत्तर आजही माझ्या मोबाइलमध्ये आहे. पावणेदोन तास लागले म्हणून वर एक रुपया मागितला नाही.

‘स्पीड अजून अर्धाच’ असंही तुम्ही लिहिलंय. राउटरला वायर जोडून लॅपटॉपवर ९४ एमबीपीएस आला, शंभरच्या प्लॅनला साधारण एवढाच दिसतो. तुम्ही बघितलात तो बेडरूममधला मोबाइलचा स्पीड. मधे दोन भिंती आणि आरशाचं लोखंडी कपाट आहे. तिथे सिग्नल पडतो तो अपडेटमुळे नाही, आधीही पडत असणार. जुनं व्हर्जन का टाकलं नाही, असंही तुम्ही विचारलंत. नव्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावलेली असतात, ती काढून टाकायला माझं मन धजत नाही. तुमचं बँकेचं कामसुद्धा त्याच राउटरवरून चालतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो. अपडेट चालू असताना दिवे लुकलुकत असतील तर प्लग काढू नका, अर्धवट अपडेटने राउटर कायमचा मरू शकतो. नंतर अडचण आली तर आधी दोन्ही डबे दोन मिनिटं बंद ठेवा, मग फायबरचा चालू करा आणि त्याचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर. पीपीपीओईचा आयडी-पासवर्ड कागदावर लिहिलेला असल्याशिवाय पिनला हात लावू नका. तुमचा आम्ही लिहून दिलाय, राउटरच्या खोक्यात आहे, काका.

दुकान २०११ पासून आहे. माणसं मी आणि दोन मुलं. राउटर आता लोक ऑनलाइन घेतात, आमचं घर चालतं ते या व्हिजिटवर. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो, आज सकाळी एका ताईंनी फोनवर तो मला वाचून दाखवला आणि ‘नंतर बघू’ म्हणाल्या. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण ‘पाच मिनिटं’ हे दोन शब्द तेवढे दुरुस्त करा, एवढीच विनंती. त्या मुलाने ते वाचलेत.

वेळ चुकणार असेल तर यापुढे आधी फोन करायचा, असं दोघांनाही सांगितलंय, अजूनही काही सुधारणा करतोय. बेडरूमपर्यंत वायर ओढून तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा आणखी एक डबा, लावता येईल. वस्तूचे पैसे लागतील, व्हिजिटचे घेणार नाही. संध्याकाळी सहानंतर मी स्वतः येतो, गुरुवार सोडून कुठलाही दिवस सांगा.